न रडणाऱ्या बायका आणि समोर बसलेली शहाणी माणसं: पूर्व-पश्चिम भेटीच्या दोन कथा

अनवट

पूर्व आणि पश्चिम यांच्या गाठीभेटींवरच्या कथा म्हटलं की विमानतळ, पहिला बर्फ, साडीवर चढवलेला कोट आणि सामानात लपवून नेलेलं लोणचं डोळ्यांसमोर येतं. अशा कथा मी आवडीने वाचल्या आहेत. पण गेले काही महिने माझ्या मनात दोन वेगळ्याच कथा ठाण मांडून बसल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल कोणाशी तरी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एक १९१६ सालची, टोकियोतली. दुसरी १९८८ सालची, टोरांटोतली. दोन्हींत एक बाई आहे. तिच्या घरातलं माणूस गेलं आहे आणि ती रडत नाही. तिच्यासमोर एक सुशिक्षित, सहृदय माणूस बसला आहे आणि तो तिच्या न रडण्याचा अर्थ लावतो. दोन्हीकडे तो अर्थ लावण्यातच खरी कथा घडते.

पहिली जपानी लेखक र्‍यूनोसुके अकुतागावाची 'हातरुमाल'. प्राध्यापक हासेगावा टोकियोच्या विद्यापीठात वसाहत धोरण शिकवतात. उन्हाळ्याची सुरुवात आहे. ते व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गचं नाट्यकलेवरचं पुस्तक वाचत आहेत. त्यांची पत्नी अमेरिकन, जपानवर मनापासून प्रेम करणारी. वर टांगलेला गिफूचा कागदी कंदील तिला आवडतो. जपानने पैसाअडका मिळवला, पण मनाने तो मागे राहिला, आता सामुराईंचा जुना आचारधर्मच त्याला तारेल आणि त्याच धर्मामुळे पश्चिमेलाही जपान कळेल, असं प्राध्यापकांचं मत. आपण दोन जगांमधला पूल व्हावं, ही त्यांची इच्छा.

एवढ्यात एक बाई भेटायला येतात. निशियामा नावाच्या त्यांच्या विद्यार्थ्याची आई. मुलगा पोटाच्या विकाराने रुग्णालयात होता. तो गेला, कालच सातवा दिवस झाला, असं त्या सांगतात. ते ऐकताना प्राध्यापकांच्या हातात चहाचा पेला असतो. प्यावा की खाली ठेवावा, हे त्यांना क्षणभर कळत नाही. मला हे फार खरं वाटलं. मृत्यूची बातमी कानावर येते आणि आपल्याला प्रश्न पडतो तो हातातल्या कपाचा.

बाईंचा आवाज नेहमीसारखा आहे. डोळ्यांत पाणी नाही, ओठांवर मंद हसू. प्राध्यापकांना बर्लिनमधले विद्यार्थीदशेतले दिवस आठवतात. कैसर पहिला विल्हेल्म वारला, तेव्हा त्यांच्या घरमालकिणीची मुलं त्यांना बिलगून रडली होती आणि हे लोक भावना किती उघड्यावर मांडतात याचं त्यांना नवल वाटलं होतं. आज नवल उलट बाजूने वाटतं. मग त्यांच्या हातातला पंखा खाली पडतो. तो उचलायला ते वाकतात, तेव्हा टेबलाखाली बाईंचे हात दिसतात. मांडीवरचा रुमाल त्या फाटेल इतका पिळत आहेत आणि हात थरथरत आहेत.

संध्याकाळी प्राध्यापक हे सगळं पत्नीला भारावून सांगतात. हाच जपानी स्त्रीचा आचारधर्म! पत्नी सहानुभूतीने ऐकते. इथे संपली असती तर कथा गोड झाली असती. पण ते पुन्हा स्ट्रिंडबर्ग उघडतात आणि नेमका परिच्छेद समोर येतो. त्यात स्ट्रिंडबर्ग म्हणतो: आपल्या तरुणपणी हायबर्ग नावाच्या नटीचा हातरुमाल फार गाजला होता, चेहऱ्यावर हसू आणि हातांनी रुमाल फाडणं असा तो दुहेरी अभिनय, आज त्याला आपण हिणकस युक्ती म्हणतो. प्राध्यापक अस्वस्थ होतात. ज्या खुणेवर त्यांनी आत्ताच अख्खी संस्कृती उभी केली, ती युरोपच्या रंगभूमीवर जुनी होऊन टाकून दिलेली होती.

दुसरी कथा भारती मुखर्जी यांची, दुःखाच्या 'व्यवस्थापना'ची. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटाने समुद्रात कोसळलं आणि ३२९ माणसं गेली. कथेतल्या शैला भावेचा नवरा आणि दोन मुलगे त्यात आहेत. हो, भावे. बंगाली लेखिकेने टोरांटोतल्या या बाईला आपलं आडनाव दिलं आहे. शैलाला रडू येत नाही. गोळ्यांचा अंमल आहे, शिवाय आतही काहीतरी थिजलं आहे. हा शांतपणा तिला स्वतःलाच भयंकर वाटतो. सरकारतर्फे ज्युडिथ टेम्पलटन नावाची समाजसेविका येते आणि म्हणते, सगळे सांगतात की तुम्ही सर्वांत खंबीर आहात, तेव्हा इतरांना सावरायला आम्हाला मदत करा. तिच्याकडे शोकाच्या पायऱ्या सांगणारी पुस्तकं आहेत: नाकारणं, खचणं, स्वीकारणं, पुन्हा उभं राहणं. कोणतं कुटुंब कुठल्या पायरीवर आहे, याची तिच्याकडे नोंद आहे.

प्राध्यापक दुष्ट नाहीत आणि ज्युडिथही नाही. दोघांनाही मनापासून समजून घ्यायचं आहे. पण आधीपासून हाताशी असलेल्या अर्थात ते त्या बाईला बसवतात आणि तेवढ्यात बाई निसटते. तुम्हाला काय वाटतं? आणि या जातीच्या आणखी कथा आठवत असतील तर सांगा.

घाटमाथा

मांडणी आवडली. एक शंका. 'हातरुमाल'मध्ये पूर्व-पश्चिम भेट आहे कुठे? बाई जपानी, प्राध्यापक जपानी, घर टोकियोत. अमेरिकन पत्नीच्या वाट्याला जेमतेम काही ओळी. ही तर एकाच समाजातल्या दोन माणसांची गोष्ट झाली.

अनवट

घाटमाथा, माझ्या मते इथे पश्चिम प्राध्यापकांच्या आत येऊन बसली आहे. पुस्तक स्वीडिश लेखकाचं, आठवण बर्लिनची, बायको अमेरिकन. समोरच्या बाईकडे ते 'हे परदेशी माणसाला कसं सांगता येईल' याच नजरेने पाहतात. तिचा मुलगा त्यांचाच विद्यार्थी होता. पण संध्याकाळी त्यांच्या मनात मुलगा उरत नाही, उरतं ते उदाहरण. आपल्याच माणसाकडे आपण परक्यासाठी तयार केलेल्या चष्म्यातून पाहू लागतो, ही भेटीची सर्वांत खोल जागा आहे असं मला वाटतं.

पुस्तकसंगती

यात थोडी ऐतिहासिक भर घालते. हासेगावा हे पात्र इनाझो नितोबे यांच्यावर बेतलेलं आहे हे सर्वश्रुत आहे. नितोबे जर्मनीत शिकले, फिलाडेल्फियाच्या क्वेकर घराण्यातल्या मेरी एल्किंटन यांच्याशी त्यांनी लग्न केलं, पॅसिफिकवरचा पूल होण्याची इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. पुढे ते राष्ट्रसंघाचे उपमहासचिव झाले. सामुराईंच्या आचारधर्मावरचं, १९०० साली आलेलं त्यांचं 'बुशिदो' मूळ इंग्रजीत लिहिलेलं आहे. त्याच्या प्रस्तावनेत ते सांगतात की एका बेल्जियन कायदेपंडिताने त्यांना विचारलं होतं, तुमच्या शाळांत धर्म शिकवत नाहीत, मग मुलांना नीती कशी शिकवता? तो प्रश्न मनात घोळत राहिला आणि त्यातून ते पुस्तक झालं.

म्हणजे जपानचा आत्मा सांगणारं पुस्तक युरोपीय माणसाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलं गेलं. ही कथा आली तेव्हा अकुतागावा २४ वर्षांचा होता आणि नितोबे हयात होते, मोठ्या मानाचे होते. एका तरुण लेखकाने देशातल्या आदरणीय विद्वानाला त्याच्याच घराच्या व्हरांड्यात बसवून हा प्रश्न विचारला. मला त्या धैर्याचं फार कौतुक वाटतं.

चाफेकळी

सुंदर धागा. मी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या विभागात. आपल्याकडची कुटुंबं तिथे येतात. मागे एक वयस्कर गुजराती आजी होत्या, यजमान अगदी शेवटच्या टप्प्यात. आजी दिवसभर जपमाळ घेऊन बसायच्या, कोणी आलं की हसून 'थँक यू' म्हणायच्या. कागदावर नोंद झाली की पत्नी परिस्थिती उत्तम रीतीने हाताळत आहे. रात्रीच्या पाळीत मी त्यांच्याशी हिंदीत बोलले तर कळलं की त्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता आणि कोणाला त्रास नको म्हणून सांगितलंही नव्हतं.

माझ्या सहकाऱ्यांना मी दोष देत नाही. ती माणसं फार मायाळू आहेत. पण आम्हाला प्रशिक्षणात 'भारतीय कुटुंबांमध्ये शोक असा व्यक्त होतो' असं पान असतं आणि ते पान वाचल्यावर विचारायचं राहून जातं. म्हणून ज्युडिथ मला फार ओळखीची वाटली. ही कथा आमच्या प्रशिक्षणात असायला हवी.

सह्यकडा

ज्युडिथबद्दल एवढं मऊ व्हायची गरज मला वाटत नाही. तिच्यामागे सरकार आहे. गेलेल्यांत बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते, तरी पंतप्रधान मल्रोनी यांनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. आपल्याच देशाची माणसं मेली आहेत, हे त्या देशाच्या लक्षात यायला वर्षं लागली. चौकशी आयोगाचा अहवाल २०१० साली आला आणि त्यानंतर स्मृतिदिनी पंतप्रधान हार्पर यांनी कुटुंबीयांची माफी मागितली. २५ वर्षांनी.

मुखर्जी यांना हे आतून माहीत होतं. कॅनडातल्या वंशद्वेषाला कंटाळून त्या १९८० साली अमेरिकेला गेल्या. स्फोटानंतर त्यांनी आणि त्यांचे पती क्लार्क ब्लेझ यांनी कुटुंबांना भेटून १९८७ साली या घटनेवर वृत्तान्तपर पुस्तक लिहिलं. कथा त्याच्या नंतरची. त्यामुळे ज्युडिथचा गोंधळ हा एका भल्या बाईचा वैयक्तिक गोंधळ नाही. ज्यांना आपलं मानलंच नव्हतं, त्यांचं दुःख हाताळायला धाडलेली ती सरकारी प्रतिनिधी आहे.

अनवट

सह्यकडा, पटतंय आणि तरी कथेने ज्युडिथला खलनायिका केलेलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ती शिकाऊ आहे, घाबरलेली आहे, आपल्याला जमत नाही हे तिला कळतं. खलनायिका केली असती तर वाचक सुटला असता. आता त्याला स्वतःत ज्युडिथ शोधावी लागते.

शिवाय पश्चिमेचं दुसरं रूपही त्याच कथेत आहे. ओळख पटवायला कुटुंबं आयर्लंडला जातात, तेव्हा तिथली अनोळखी माणसं रस्त्यात पुढे येऊन त्यांना मिठी मारतात, फुलं देतात, रडतात. टोरांटोच्या रस्त्यावर असं कधी होईल याची शैलाला कल्पनाही करता येत नाही. त्या आयरिश माणसांकडे शोकाचं पुस्तक नव्हतं. काउंटी कॉर्कमध्ये अहाकिस्ता या किनाऱ्यावरच्या गावी स्मारक आहे आणि दर जूनमध्ये तिथे माणसं जमतात. पश्चिम म्हणजे एकच काही, असं म्हणताच येत नाही.

उत्तरेकडची

मी टोरांटोतच राहते. इथे हंबर बे पार्कमध्ये तळ्याकाठी कनिष्कचं स्मारक आहे, नावं कोरलेली भिंत. मंडळाच्या कार्यक्रमांत जुनी मंडळी अजूनही तो जून आठवतात. शाळांना सुट्ट्या लागलेल्या होत्या, म्हणून विमानात मुलं खूप होती.

मला त्या कथेतला शीख म्हाताऱ्या जोडप्याचा प्रसंग सर्वांत लागला. अनवट, तुम्ही तो लिहिला नाहीत म्हणून लिहिते. पंजाबातून नुकतंच आलेलं जोडपं, दोन्ही मुलगे गेले. घर अंधारात, बिलं थकलेली. ज्युडिथला त्यांची सही हवी आहे, म्हणजे पैसे मिळतील, दिवे लागतील. ते सही करत नाहीत. कारण सही करणं म्हणजे मुलं परत येणार नाहीत असं लिहून देणं. ज्युडिथ शैलाला मध्यस्थ म्हणून घेऊन जाते, पण शैला हिंदू, ते शीख. स्फोटाचा संशय शीख अतिरेक्यांवर. पगड्या पाहून शैलाचंच अंग आखडतं. ज्युडिथच्या हिशेबी मात्र तिघंही 'तुमच्यापैकीच'.

बाहेर पडल्यावर गाडीत ज्युडिथ वैतागते, बघा मला कशाला तोंड द्यावं लागतं ते. शैला गाडी थांबवायला लावते आणि उतरते. माझं काही चुकलं का, असं ज्युडिथ विचारते. शैलाला सांगायचं असतं की आमच्यात आशा धरणं हे आईबापांचं कर्तव्य असतं. पण ती बोलत नाही.

मी हा प्रसंग वाचला तेव्हा मला शैलाचा राग आला होता. सांग की बाई! पण किती वेळा सांगायचं, हेही मला इथे राहून समजतं.

घाटमाथा

उत्तरेकडची, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. माझ्या पहिल्या शंकेला इथेच उत्तर मिळालं. पूर्व एकसंध नाही आणि कथेने ते ज्युडिथला सोडून सगळ्यांना दाखवलं आहे.

आता दुसरा मुद्दा. आपण सगळे दुःखाच्या कथांत अडकलो आहोत. गैरसमज हसवतोही. आर. के. नारायण यांची घोडा आणि दोन शेळ्यांची कथा घ्या. क्रितम नावाचं इवलंसं खेडं, मुनी नावाचा म्हातारा, कधीकाळी मोठ्या कळपाचा धनी, आता दोन मरतुकड्या शेळ्या. शेवग्याच्या शेंगांचं कालवण खावंसं वाटतं तर वाणी उधार देत नाही. हमरस्त्यावर मातीच्या भव्य घोड्याच्या सावलीत तो बसतो. पेट्रोल संपलेल्या गाडीतून खाकी कपड्यांतला अमेरिकन उतरतो. खाकी पाहून मुनीला वाटतं, पोलीस आला. मग दोघं मनसोक्त बोलतात, एक तमिळमध्ये, एक इंग्रजीत. मुनी कलियुगाच्या अंती जिवंत होणाऱ्या घोड्याबद्दल सांगतो, तो न्यूयॉर्कच्या उकाड्यात गगनचुंबी इमारतीत वीज गेली त्याबद्दल. शेवटी अमेरिकन १०० रुपये देतो आणि घोडा विकत घेतला असं समजतो. मुनीला वाटतं, शेळ्या विकल्या. घरी आला तर शेळ्या मागोमाग हजर आणि बायकोची खात्री की पैसे चोरीचे आहेत.

इथे कोणीही कोणाचा 'अर्थ' लावत नाही. दोघांनाही आपलं ऐकणारं माणूस हवं होतं, ते मिळालं. मला ही कथा माणुसकीची वाटते.

सह्यकडा

घाटमाथा, मलाही ती कथा लहानपणी अशीच आवडायची. आता वाचताना त्या घोड्यावरून नजर हटत नाही. तमिळनाडूत अय्यनारच्या देवस्थानांपाशी कुंभारांनी घडवलेले मातीचे मोठे घोडे आजही असतात. गावाच्या राखणदाराचे ते घोडे. नारायण यांचा कथासंग्रह १९७० सालचा. १९७२ साली आपल्याकडे प्राचीन वस्तूंच्या निर्यातीविरुद्ध कडक कायदा झाला. तरी पुढे काय झालं? अरियलूर जिल्ह्यातल्या श्रीपुरंथन गावातला चोळकालीन नटराज चोरीला गेला आणि २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो ५० लाख डॉलरना विकत घेतला. २०१४ साली तो परत आला.

कथेतला अमेरिकन चोर नाही, हे मान्य. तो आपल्या मते रोख पैसे देऊन सौदा करतो. पण गावाची राखण करणारा देव दिवाणखान्यात शोभेला जातो आणि गावात कोणाला विचारलंही जात नाही. संवाद झाला नाही म्हणूनच सौदा झाला. दोघांना एकमेकांची भाषा येत असती तर मुनीने घोडा विकला असता का?

पुस्तकसंगती

विकला नसता असं मलाही वाटतं. आणि तरी घाटमाथांचं म्हणणं मी सोडणार नाही. मुनीला त्या भेटीत जे मिळतं ते खोटं नाही. बायको बोलते, वाणी हिणवतो, गावात त्याला किंमत उरलेली नाही. एक परका माणूस सिगारेट पुढे करतो आणि मन लावून ऐकतो. शंभराची नोट मिळण्याआधीच त्याला काहीतरी मिळालेलं आहे.

दोन्ही गोष्टी एकाच कथेत खऱ्या असतात. हे लेखात साधणं कठीण जातं. याच विषयावर लाफ्काडियो हर्नचं उदाहरण बघा. वडील आयरिश, आई ग्रीक. १८९० साली तो जपानला गेला, तिथलाच झाला, कोइझुमी याकुमो हे नाव घेतलं. जपानी हास्यावर त्याचा एक मोठा निबंध आहे. त्यात योकोहामातल्या एका गोऱ्या बाईची दाई हसत येते आणि नवरा वारला म्हणून रजा मागते. परत येते ती अस्थिकलश घेऊन, आणि तो दाखवतानाही हसते. मालकीण हादरते. हर्न मग प्रेमाने, सविस्तर समजावतो की आपल्या दुःखाचा भार दुसऱ्यावर पडू नये म्हणून ते हसू असतं.

निबंध उत्तम आहे, पण तो वाचल्यावर वाचकाला वाटतं, कळलं बुवा. 'हातरुमाल' वाचल्यावर तसं वाटत नाही. उलट कळलं असं ज्याला वाटलं, त्याचीच तिथे परीक्षा होते. कथा आणि निबंध यांतला हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

नदीकाठ

मी नेहमी वाचनमात्र असतो, पण किपलिंगचं नाव कसं नाही आलं? जन्म मुंबईचा, १८६५, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. आया गोव्याकडची ख्रिस्ती, गडी हिंदू. आईवडिलांशी बोलताना इथल्या भाषेत विचार करून इंग्रजीत अडखळत बोलायचो, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. साम्राज्याचा भाट म्हणून त्याला बाजूला ठेवतात आणि त्यात तथ्य आहेच. पण वयाच्या विशीत लिहिलेली 'लिस्पेथ' वाचा. कोटगढच्या मिशनमध्ये वाढलेली पहाडी मुलगी जखमी इंग्रजाला हातांवर उचलून आणते, शुश्रूषा करते. तो लग्नाचं खोटं वचन देऊन जातो. पाद्र्याची बायको, गप्प बसेल म्हणून, ते खोटं चालू ठेवते. खरं कळल्यावर लिस्पेथ मिशन सोडते, आपल्या लोकांत परत जाते आणि जाताना सांगते, तुम्ही इंग्रज सगळे खोटारडे आहात.

शैला बोलत नाही, निशियामाबाई बोलत नाहीत. ही बोलते.

सह्यकडा

बोलते, पण नंतर काय होतं? किपलिंग तिला मारकुट्या नवऱ्याच्या हाती देतो आणि म्हातारपणी दारूच्या नशेत आपली प्रेमकहाणी सांगणारी सुरकुतलेली बाई करून सोडतो. खरं बोलल्याची शिक्षा कथेनेच तिला दिली. तिचा पुढचा सगळा जन्म इंग्रज कथकाने काही ओळींत उरकला.

नदीकाठ

हे खरं आहे. तरीही पाद्र्याच्या बायकोचं चित्र पाहा. 'ही शेवटी मूळची काफरच' असं म्हणून ती हात झटकते. १८८६ साली लाहोरच्या इंग्रजी दैनिकात, इंग्रज वाचकांसमोर हे छापून आलं होतं. दुखावणारं होतंच. लिस्पेथचा शेवट मला पटत नाही, पण त्या घरातला ढोंगीपणा त्याने आतून दाखवला, एवढं श्रेय मी देईन.

चाफेकळी

झुम्पा लाहिरींच्या पहिल्या संग्रहातली मिसेस सेनची कथा कोणी वाचली आहे का? मला ती या धाग्यात अगदी बसते असं वाटतं. नवरा विद्यापीठात गणित शिकवतो, ती घरी राहून एलियट नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाला सांभाळते. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ती विळीवर भाजी चिरते. बंगालात मासेही त्याच विळीवर कापतात. कोलकात्यात घरात लग्न निघालं की शेजारपाजारच्या बायका आपापल्या विळ्या घेऊन गच्चीवर जमायच्या आणि रात्रभर गप्पा मारत भाजीचे डोंगर चिरायच्या, हे ती त्याला सांगते. त्या गप्पांच्या आवाजाने झोप लागायची नाही. आणि इथे शांततेमुळे झोप लागत नाही.

एलियटची आई येते तेव्हा मिसेस सेन तिला आग्रहाने खायला देते, ती घासभर खाते आणि घरी गेल्यावर म्हणते, मला ते आवडत नाही. तीही वाईट नाही. पण एलियट सगळं बघतो. कुंकू, पत्र आल्यावरची धांदल, बसमध्ये माशाच्या पिशवीकडे वळलेल्या नजरा, गाडी शिकतानाची भीती. एकदा ती त्याला विचारते, मी आत्ता जिवाच्या आकांताने ओरडले तर कोणी येईल का? तो लहान मुलाच्या प्रामाणिकपणे सांगतो की लोक कदाचित फोन करतील, पण आवाजाची तक्रार करायला.

प्राध्यापक आणि ज्युडिथ यांना जे दिसत नाही ते या मुलाला दिसतं.

अनवट

चाफेकळी, या कथेची आठवण काढलीत, फार बरं वाटलं. एलियटला दिसतं कारण त्याच्याकडे तिला बसवायला चौकट नाही, असं मी आधी लिहिणार होते. पण विचार केल्यावर वाटतं, तेवढंच पुरेसं कारण नाही. तो रोज दुपारी तिथे असतो. प्राध्यापकांची भेट एका चहापुरती आहे. ज्युडिथच्या यादीत पुढची घरं आहेत. एलियट विळीपासून ठरवून दिलेल्या अंतरावर बसून रोज तेच पाहतो आणि त्याची स्वतःची आई थकलेली असल्यामुळे त्यालाही या घराची गरज आहे. गरज दोन्हीकडे आहे, म्हणून नजर वेगळी आहे. सह्यकडा सत्तेबद्दल म्हणत होते ते इथे जुळतं: ज्युडिथला शैलाची गरज होती ती कामापुरती.

पण एलियटही तिला वाचवू शकत नाही. तिचा छोटासा अपघात होतो, नोकरी जाते, आणि तो दुसऱ्या दिवसापासून किल्ली घेऊन एकटा घरी राहतो. लाहिरींनी त्याच्या समजूतदारपणाचं बक्षीस कोणालाच दिलेलं नाही.

उत्तरेकडची

मराठीत गौरी देशपांडे यांची 'तेरुओ' ही दीर्घकथा आहेच. जपानमध्ये घडणारी, मराठी बाई आणि जपानी पुरुष. त्यात पश्चिम थेट नसली तरी परक्या देशात दुसऱ्याला वाचण्याचा हाच प्रश्न वेगळ्या अंगाने येतो, प्रेमाच्या अंगाने. आणि ज्या लेखिकेने रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी अरबी रात्री १६ खंडांत मराठीत आणल्या, तिला पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि पुन्हा पूर्वेकडे होणारा प्रवास नक्कीच ठाऊक होता.

माझं एकच गाऱ्हाणं आहे. परदेशातल्या मराठी मंडळांच्या दिवाळी अंकांत आपल्या कथा येतात, त्यांत गोरी माणसं बहुतेक शेजारी किंवा सून म्हणून येतात आणि कथेच्या शेवटी त्यांना वरणभात आवडू लागतो. ज्युडिथसारखं, आतून रंगवलेलं गोरं माणूस आपल्या कथेत मला क्वचितच भेटतं. त्यांनी आम्हाला नीट पाहिलं नाही असं आपण म्हणतो, मग आपणही त्यांना नीट पाहायला हवं. इतकी वर्षं त्यांच्यात राहून त्यांची आजारपणं, घटस्फोट, एकटी म्हातारपणं आपल्याला दिसलेली आहेत.

चाफेकळी

उत्तरेकडची, पूर्ण सहमत. माझ्या विभागात रात्री जी गोरी म्हातारी माणसं असतात, त्यांच्यापैकी कितीतरी जण कोणाला त्रास नको म्हणून हसून 'मी ठीक आहे' म्हणतात. अगदी त्या गुजराती आजींसारखं. प्रशिक्षणातल्या कोणत्याही पानावर हे नाही, कारण ते 'त्यांचेच' आहेत, त्यांच्यासाठी वेगळं पान कशाला? मी यावर कथा लिहायला घेतली आहे. जमली तर इथेच टाकते, आणि मग तुम्ही सगळ्यांनी सह्यकडांइतकंच कडक वाचायचं.

अनवट

नक्की टाका, वाट पाहते. 'तेरुओ'वर उत्तरेकडची किंवा पुस्तकसंगती यांनी स्वतंत्र धागा काढावा अशी विनंती आहे, इथे तो विषय कोपऱ्यात पडेल. आणि घाटमाथा, नारायण यांच्या कथेतल्या मुनीच्या बायकोबद्दल आपण कोणीच बोललो नाही. शेळ्या घरी परतल्यावर शंभर रुपये आले कुठून, हा प्रश्न त्या अख्ख्या कथेत फक्त तिला पडतो.